स्तनवर्धन शस्त्रक्रियेनंतर व्यायाम आणि अंगमेहनत: कोकणातील स्त्रियांसाठी

स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रीला घरी सोडताना सर्जन बहुधा सांगतात की सहा आठवडे जिमला जायचे नाही, वजन उचलायचे नाही आणि छातीचा व्यायाम विचारल्याशिवाय सुरू करायचा नाही. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या स्त्रीला एवढी सूचना पुरते. राजापूर, देवगड किंवा वेंगुर्ल्याकडे परतणाऱ्या स्त्रीला ती पुरत नाही, कारण तिच्या दिनक्रमात जिम नसले तरी विहीर असते, विळीवर खवायचा नारळ असतो, चढउताराची पाखाडी असते आणि गौरी-गणपतीला रात्र-रात्र चालणारी फुगडी असते. यातल्या एकाही गोष्टीला घरात कोणी व्यायाम म्हणत नाही, म्हणून ती बंद ठेवण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. या लेखात व्यायामाइतकाच विचार या कामांचा केला आहे, आणि माझ्या मते कोकणात खरी काळजी घ्यायची ती इथेच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. पुढे दिलेले आठवडे हे सर्वसाधारण अंदाज आहेत. इम्प्लांट, म्हणजे स्तनाचा आकार वाढवण्यासाठी आत घातलेली कृत्रिम पिशवी, कुठे बसवले, छेद कुठे घेतला, सोबत स्तन उचलून घेण्याची शस्त्रक्रिया झाली का, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाला का, यावर प्रत्येकीचे वेळापत्रक बदलते आणि सर्जनांच्या पद्धतीही एकमेकांहून थोड्या वेगळ्या असतात. आपल्या सर्जनने लेखी दिलेली सूचना आणि हा लेख यांत फरक आढळला तर सर्जनची सूचनाच पाळावी. कर्करोगासाठी स्तन काढून नंतर पुनर्रचना केलेल्या स्त्रियांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी हे वेळापत्रक आपल्याला लावून घेऊ नये.

आत काय भरून येत असते

छातीचा मोठा स्नायू, ज्याला पेक्टोरॅलिस मेजर म्हणतात, तो छातीच्या मधल्या हाडापासून आणि गळपट्टीच्या हाडापासून निघून दंडाच्या वरच्या हाडाला जाऊन मिळतो. हात पुढे ढकलणे, खाली दाबणे, दोन्ही हात समोर जवळ आणणे आणि वर गेलेला हात जोराने खाली ओढणे ही सारी कामे तो करतो. काही स्त्रियांमध्ये इम्प्लांट या स्नायूच्या वर, स्तनग्रंथीच्या मागे बसवतात, तर अनेकींमध्ये ते पूर्णपणे किंवा अंशतः स्नायूच्या खाली बसवतात आणि त्यासाठी स्नायूची खालची बाजू हाडापासून थोडी सोडवावी लागते. स्नायूखाली इम्प्लांट असेल तर स्नायू आवळला की तो इम्प्लांटला खाली आणि बाहेरच्या बाजूला ढकलतो. पहिल्या काही आठवड्यांत इम्प्लांटभोवतीची जागा अजून पक्की झालेली नसते; अशा वेळी हा दाब पुन्हा पुन्हा पडला तर इम्प्लांट आपल्या जागेवरून सरकण्याचा धोका असतो, आणि एकदा सरकलेले इम्प्लांट व्यायामाने परत जागेवर येत नाही. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर इम्प्लांट स्नायूच्या वर आहे की खाली हे लिहिलेले नसेल तर ते विचारून लिहून घ्यावे. वर असेल तर हातांचे काम थोडे लवकर सुरू होऊ शकते, खाली असेल तर उशिरा.

दुसरी गोष्ट जखमेची. टाके निघाले किंवा विरघळले म्हणजे जखम भरली असे आपण समजतो, पण त्वचेवरची रेघ मिटणे आणि त्या जागेला ताकद येणे यांत बरेच अंतर असते. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या साधारण पाव हिस्सा असते, सहा आठवड्यांनी निम्म्याच्या आसपास जाते, आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. सहा आठवडे हा आकडा सर्जन वारंवार सांगतात त्यामागे हेच कारण आहे, आणि सहा आठवडे पूर्ण झाल्यावर त्याच दिवशी पूर्वीइतकी मेहनत का करू नये याचेही उत्तर यातच आहे.

तिसरी गोष्ट रक्तस्रावाची. आत रक्त साठण्याचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो, पण नाडी आणि रक्तदाब एकाएकी वाढवणारी मेहनत केली तर तो नंतरही होऊ शकतो. म्हणून पहिले दोन आठवडे नाडी मिनिटाला १०० च्या पुढे जाऊ देऊ नका, असे अनेक सर्जन सांगतात. नाडी मोजता येत नसेल तर चालताना सोबतीणीशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, मध्ये श्वास घ्यायला थांबावे लागू नये, एवढी खूण पुरेशी आहे.

घरी येण्याचा प्रवास आणि पहिला आठवडा

कोकणातल्या पुष्कळ स्त्रिया ही शस्त्रक्रिया मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्यात करून घेतात आणि मग लांबचा प्रवास करून घरी येतात. हा प्रवास सर्जनने परवानगी दिल्यावरच करावा आणि शक्य असेल तर पहिली तपासणी होईपर्यंत शहरातच राहावे. रेल्वेने यायचे असल्यास खालचा बर्थ घ्यावा, कारण वरच्या बर्थवर चढताना सारे शरीर हातांवर ओढावे लागते. बॅग वर ठेवणे आणि खाली काढणे हे काम सोबतच्या माणसाचेच. मोटारीने यायचे असेल तर सीटबेल्ट लावलाच पाहिजे. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये लहान मऊ उशी धरली की खड्ड्यांचे आणि घाटातल्या वळणांचे धक्के सोसवतात. दर तासा-दीड तासाने उतरून पाच मिनिटे चालावे आणि बसल्या जागी पावले वर-खाली हलवत राहावीत. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या नसांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती होऊ नये म्हणून चालणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

घरी आल्यावर व्यायामाला त्याच दिवसापासून सुरुवात होते आणि तो व्यायाम म्हणजे चालणे. पडवीत किंवा अंगणात दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटे सावकाश फिरावे. त्याच्या जोडीला दीर्घ श्वास घ्यावा: नाकाने सावकाश आत, तोंडाने सावकाश बाहेर, दर तासाला पाच-सहा वेळा. छाती आवळल्यासारखी वाटते म्हणून स्त्रिया वरवर श्वास घेतात आणि खांदे पुढे पाडून चालतात. ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडली नाही तर पुढे मान आणि पाठ दुखते. कोपर अंगाशी ठेवून खांदे मागे गोल फिरवणे बहुतेकींना चालते, परंतु हात खांद्याच्या वर कधी न्यायचा हे सर्जनला विचारूनच ठरवावे.

झोपण्याची व्यवस्था शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवावी. जमिनीवर गादी घालून झोपण्याची पद्धत असेल तर ती काही आठवडे बाजूला ठेवावी लागेल, कारण जमिनीवरून उठताना दोन्ही तळहात टेकून शरीर वर ढकलावे लागते आणि तो ताण नेमका छातीच्या स्नायूवर येतो. उंच खाटेवर पाठीमागे दोन-तीन उशा लावून उताणे झोपावे आणि उठताना आधी पाय खाली सोडून, मांड्यांच्या जोरावर उठावे. घरातले कोणी पाठीला हात देणारे असेल तर उत्तम. पालथे झोपणे काही आठवडे बंद. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उठताना नळाला किंवा खिडकीच्या गजाला धरून अंग वर ओढण्याची सवय असेल तर तिथे कमोडची खुर्ची आणून ठेवावी.

ज्याला कोणी व्यायाम म्हणत नाही

पहिले तीन आठवडे साधारण दोन किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, असे सांगितले जाते. दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे दोन किलो, एवढे लक्षात ठेवले की बाकीचा हिशेब आपोआप जुळतो. आठ-दहा लिटरची कळशी म्हणजे धातूचे वजन सोडूनही आठ-दहा किलो. भरलेली बादली त्याच्या दीडपट-दुप्पट. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसकट त्याचे वजन ३० किलोच्या आसपास जाते, तेव्हा तो कलंडवून सरकवणेही नको. दोन-तीन वर्षांचे मूल दहा-बारा किलोचे असते. आईला हे सर्वांत कठीण जाते. तिने खाली बसावे आणि मुलाला मांडीवर चढून येऊ द्यावे, उचलून कडेवर घेऊ नये.

वजनापेक्षाही हालचालीची दिशा जास्त महत्त्वाची असते आणि हे बहुधा कोणी समजावून सांगत नाही. विहिरीवर रहाटाचा दोर ओढताना हात डोक्याच्या वर जातो आणि भरलेल्या पोहऱ्याच्या वजनाविरुद्ध झटक्याने छातीपर्यंत खाली येतो. जिममध्ये ज्या यंत्रावर वरून दांडी खाली ओढतात तीच ही हालचाल, फक्त इथे ती सकाळच्या पाण्यासाठी तीस-चाळीस वेळा होते. नारळ खवताना बाई विळीवर, म्हणजे मालवणी घरातल्या आडाळ्यावर, एक पाय दुमडून बसते, करवंटी दोन्ही तळहातांत धरते आणि खांदे पुढे झुकवून ती खवणीच्या दात्यांवर दाबत फिरवते. हात समोर जवळ आणून खाली दाबायचे म्हणजे छातीचा स्नायू आवळायचा. एका वाटीला पाच मिनिटे लागत असतील, पण त्या पाच मिनिटांत स्नायू एकदाही सैल पडत नाही. पाट्यावर वाटप वाटणे, कणिक तिंबणे, कपडे आपटून धुणे, अंगण सारवणे, ओली चादर पिळणे आणि सुळ्यावर नारळ सोलणे ही कामेही याच जातीची आहेत. खवलेले खोबरे विकत मिळत असेल तर निदान सहा आठवडे ते आणावे, मिक्सर वापरावा, आणि कणिक दुसऱ्या कोणाकडून भिजवून घ्यावी.

या कामांकडे परतण्याचा क्रम असा ठेवता येतो. दुसऱ्या आठवड्यापासून भाजी निवडणे, चहा करणे, कंबरेच्या उंचीवरचे हलके काम. चौथ्या आठवड्यापासून झाडणे, हलके कपडे वाळत घालणे, मात्र दोरी खांद्याच्या उंचीवर बांधून. सहाव्या आठवड्यानंतर, तपासणी झाल्यावर, अर्धी बादली, थोडी कणिक. विळीवरचा नारळ त्याही नंतर. स्नायूखाली इम्प्लांट असेल तर आठ ते दहा आठवड्यांनी, आणि पहिल्या दिवशी अर्धी वाटीच. रहाट, पाटा-वरवंटा आणि आंब्याच्या हंगामात लांब घळ, म्हणजे आंबे काढायची काठी, डोक्यावर धरून फळे उतरवणे ही कामे मात्र तीन महिन्यांपर्यंत दूर ठेवावीत.

इथे एक अवघड विषय बोलला पाहिजे. ही शस्त्रक्रिया अनेक स्त्रिया घरच्यांपासून, निदान सासरच्या मंडळींपासून आणि वाडीपासून लपवून ठेवतात, आणि तसे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. परंतु जिचे ऑपरेशन झाले हेच कोणाला ठाऊक नाही, तिच्या हातातली कळशी कोण काढून घेणार? लपवाछपवीपायी आठव्या दिवशी पाणी भरणे हे माझ्या मते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोठे संकट आहे. सर्व खुलासा करण्याची गरज नाही. "छातीतली गाठ" असे खोटे सांगून घरच्यांना घाबरवणेही बरे नव्हे. "माझे एक लहान ऑपरेशन झाले आहे, डॉक्टरांनी दीड-दोन महिने वजन उचलायला मनाई केली आहे" हे वाक्य खरे आहे आणि पुरेसेही आहे. घरातल्या एका तरी माणसाला मात्र पूर्ण माहिती असावी, कारण रात्री त्रास झाला तर दवाखान्यात नेणाऱ्याला काय झाले ते सांगता आले पाहिजे.

शस्त्रक्रियेची वेळ आपल्या हातात असते, तेव्हा ती कोकणाचे वर्ष पाहून ठरवावी. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो: घाम कमी, वाट कोरडी, लावणी आणि आंबा दोन्हींपासून दूर. जुलैत शस्त्रक्रिया केली तर गणपतीत पाहुण्यांनी भरलेले घर आणि अपुरी भरलेली जखम एकाच वेळी सांभाळावी लागते.

आठवड्यांमागून आठवडे

दुसऱ्या आठवड्यात सपाट रस्त्यावर वीस ते तीस मिनिटे चालावे. किनाऱ्यावर जायचे असेल तर ओहोटीच्या वेळच्या घट्ट, ओल्या वाळूवर चालावे; कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुतला की तोल सावरायला हात झटकन वर जातात. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि घसरलेले माणूस दोन्ही हात पुढे टाकूनच पडते. म्हणून पहिले सहा आठवडे ओल्या पाखाडीवर व्यायाम म्हणून जाऊ नये, जावेच लागले तर सोबत घेऊन आणि कठड्याच्या बाजूने जावे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जखम कोरडी असेल आणि सर्जनची हरकत नसेल तर, पायांचे व्यायाम सुरू करता येतात. जागेवरची सायकल ताठ बसून, हँडलवर भार न देता, भिंतीला पाठ टेकून अर्ध्या उठाबशा, टाचा उचलणे, जिन्याच्या एका पायरीवर चढउतार. घाम निथळेपर्यंत नव्हे. रस्त्यावरची सायकल आणि स्कूटर दोन्ही या काळात नकोत, कारण खड्डा आला की सारा धक्का हातांतून छातीत जातो. झोप आणणारी वेदनाशामक औषधे बंद झालेली असतील, हँडल पूर्ण वळवता येत असेल आणि करकचून ब्रेक दाबताना दुखत नसेल, तेव्हाच दुचाकी हातात घ्यावी.

सहाव्या आठवड्याची तपासणी टाळू नये. शहर दूर आहे, काही त्रासही नाही, मग फोनवरच विचारू, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण इम्प्लांट जागेवर बसले आहे का आणि भोवतालचा भाग मऊ आहे का हे हाताने तपासूनच कळते. परवानगी मिळाल्यावर अर्धा ते एक किलोच्या वजनाने दंड आणि खांद्याचे व्यायाम, कोरड्या पाखाडीची चढण, आणि हळूहळू धावणे. छातीचे थेट व्यायाम, म्हणजे जोर, पुशअप, बेंच प्रेस, स्नायूखालील इम्प्लांटच्या बाबतीत तीन महिन्यांपर्यंत थांबलेले चांगले. सुरुवात भिंतीवर हात टेकून पुशअपने करावी, मग ओट्यावर, मग जमिनीवर. काही सर्जन अशा स्त्रियांना छातीचे जड व्यायाम कायमचेच मर्यादित ठेवायला सांगतात. बलवान स्नायू वर्षानुवर्षे इम्प्लांटला बाहेर ढकलत राहतो हे त्यामागचे कारण असते.

एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, वजन तरी किंवा वेळ तरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शरीर काय सांगते ते पाहावे. दोन्ही बाजूंना सारखा, हात हलवताच कमी होणारा ठणका हा मेहनतीचा असतो. एकाच बाजूचा, टोचणारा किंवा सुजेसह येणारा त्रास हा थांबण्याचा इशारा समजावा.

सूर्यनमस्कार आणि प्राणायाम

अनुलोम-विलोम पहिल्या आठवड्यापासून चालतो. कपालभाती आणि भस्त्रिका यांत पोट आणि छाती झटक्याने हलते. ती सहाव्या आठवड्यानंतर. सूर्यनमस्कार एकदम बारा स्थितींचा सुरू करू नये, तो तोडून परत मिळवावा. प्रणामासन आधी येते, पण तळहात एकमेकांवर दाबायचे नाहीत, नुसते टेकवायचे. हात वर नेऊन मागे झुकण्याच्या स्थितीत सहा आठवड्यांपर्यंत हात डोक्याच्या रेषेतच ठेवावेत. पुढे वाकणे गुडघे किंचित दुमडून, पण पहिल्या तीन आठवड्यांत नको, कारण डोके खाली गेले की छातीच्या भागात रक्ताचा दाब वाढतो. पर्वतासनात अर्धे वजन हातांवर असते, त्यामुळे ते आठव्या आठवड्यानंतर. भुजंगासनात समोरचा सारा भाग ताणला जातो आणि अष्टांगनमस्कारात छाती थेट जमिनीवर दाबली जाते. या दोन स्थिती सर्वांत शेवटी, तीन महिन्यांनंतर, आणि धनुरासन त्याहूनही नंतर. तोपर्यंत त्यांच्या जागी गुडघे-हातांवर न जाता उभ्यानेच खांदे मागे नेऊन छाती हळू उघडावी.

फुगडीबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. दोघी हात फुलीसारखे गुंफतात, पाय जवळ आणतात, मागे रेलतात, आणि गिरकीने दोघींचे वजन चार मनगटांवर लटकते; ती ओढ दंडातून सरळ छातीच्या स्नायूत उतरते आणि हात सुटला तर जमीनच. झिम्म्यातल्या टाळ्या आणि उड्याही कमी नाहीत. तीन महिने पूर्ण झाले नसतील तर त्या वर्षी गाणी म्हणावीत, फेर धरावा, पण फुगडीला उभे राहू नये, मैत्रिणींनी कितीही हात ओढला तरी.

ब्रा, घाम आणि व्रण

प्रत्येकी ३०० मिलीलीटरचे सिलिकॉन इम्प्लांट असेल तर छातीवर साधारण ६०० ग्रॅम वजन नव्याने आलेले असते. धावताना ते वर-खाली हलते आणि त्याची ओढ भरून येणाऱ्या भागावर पडते. पहिले सहा आठवडे तार नसलेली, पुढून उघडणारी सर्जिकल ब्रा, सर्जन सांगतील तितके तास. त्यानंतर स्पोर्ट्स ब्रा अशी निवडावी की भार खालच्या रुंद पट्ट्याने पेलावा, खांद्यांच्या पट्ट्यांनी नव्हे. दुकानात घालून पाहताना जागेवर दहा उड्या मारण्याऐवजी हात वर करून पाहावा. पट्टा वर सरकला तर माप मोठे आहे.

कोकणातल्या दमट हवेत छातीखालच्या घडीत घाम साचतो, आणि बहुतेकींचा छेद तिथेच असतो. ओलसर घडीत बुरशीचा संसर्ग सहज होतो. म्हणून निदान तीन ब्रा असाव्यात, चालून आल्यावर लगेच बदलावी, घडी मऊ कापडाने टिपून कोरडी करावी, घासू नये. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा अर्धवट ओली ब्रा इस्त्रीने पूर्ण कोरडी करूनच घालावी. स्तनाच्या त्वचेची संवेदना काही महिने कमी असू शकते. कपडा घासून जखम झाली तरी कळत नाही, म्हणून रोज आरशात पाहावे. याच कारणाने गरम पाण्याच्या पिशवीचा किंवा विटेचा शेक कधीही देऊ नये, बधिर त्वचा भाजते आणि पत्ता लागत नाही. जखम पूर्ण भरण्याआधी त्यावर खोबरेल, हळद किंवा पाला लावू नये. भरल्यावर सर्जनच्या सल्ल्याने सिलिकॉनची पट्टी आणि हलका मसाज उपयोगी पडतो, आणि व्रण वर्षभर उन्हापासून झाकून ठेवावा, नाही तर तो काळा पडतो.

मशेरीविषयी स्पष्ट सांगायला हवे. घरातल्या वडीलधाऱ्या बायका लावतात म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातील निकोटिनमुळे त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला लागणारे रक्त तिथे पोहोचत नाही. शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे निदान चार-चार आठवडे ती पूर्ण बंद ठेवावी आणि आपण लावतो हे सर्जनला न लाजता सांगावे.

समुद्र, नदी, विहीर

जखमेवर खपली असेपर्यंत किंवा कुठूनही ओल येत असेपर्यंत समुद्रात, खाडीत, नदीत किंवा तळ्यात उतरू नये. उबदार खाऱ्या आणि मचूळ पाण्यात असे जंतू असतात जे उघड्या जखमेतून शिरून गंभीर संसर्ग करू शकतात, आणि इम्प्लांटभोवती संसर्ग झाला तर ते काढावेही लागते. सहा आठवड्यांनंतर, परवानगीने, पाण्यात चालणे आणि पायांनी पोहणे; हात फिरवून पोहणे त्यानंतर. भरतीच्या लाटा छातीवर घेणे तीन महिन्यांपर्यंत नको. तारकर्ली-मालवणला स्कूबा डायव्हिंग करायचे असेल तर केवळ इम्प्लांट आहे म्हणून ते वर्ज्य ठरत नाही, पण जखम पूर्ण बरी झालेली असावी, सर्जनची परवानगी असावी, आणि पाठीवरच्या टाकीचे पट्टे छातीवर करकचून आवळले जाणार नाहीत हे प्रशिक्षकाला आधी सांगावे. पॅरासेलिंगच्या पट्ट्यांनाही हेच लागू आहे.

ताबडतोब थांबायचे आणि दवाखाना गाठायचा तो कधी

एक स्तन अचानक सुजला, ताठरला, निळसर पडला किंवा दुसऱ्यापेक्षा ठळकपणे मोठा दिसू लागला तर आत रक्त साठत असण्याची शक्यता असते. यासाठी सकाळची वाट पाहू नये. ३८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप, पसरत जाणारी लाली, पू किंवा दुर्गंध, उसवलेला टाका ही संसर्गाची लक्षणे आहेत. एका पोटरीत दुखून सूज आली, किंवा एकाएकी धाप लागून छातीत दुखू लागले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि "अलीकडेच शस्त्रक्रिया झाली आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावे. घाटापलीकडच्या सर्जनपर्यंत पोहोचायला अनेक तास लागतात, म्हणून अशा वेळी जवळचे जिल्हा रुग्णालय किंवा ओळखीचे सर्जन गाठावे. कोणाकडे जायचे हे शहरातून निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. डिस्चार्जचा कागद आणि इम्प्लांटचे कार्ड, ज्यावर कंपनी, आकार आणि क्रमांक असतो, यांचे फोटो मोबाईलमध्ये असावेत.

काही लक्षणे घाबरवतात पण गंभीर नसतात. स्तनाखालून पोटाकडे जाणारी, हात वर केला की दोरीसारखी ताणली जाणारी कडक रेघ काही स्त्रियांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास जाणवते. ती वरवरच्या नसेत गुठळी झाल्यामुळे येते आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप जाते. तरी एकदा सर्जनला दाखवून घ्यावी आणि ती जोराने ताणून तोडण्याचा प्रयत्न करू नये.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी स्तन घट्ट होत गेला, आकार बदलला, व्यायामात स्नायू आवळताना इम्प्लांट विचित्र सरकू लागले, किंवा बऱ्याच काळानंतर एका बाजूला नवी सूज आली, तर व्यायामाची तक्रार समजून अंगावर काढू नये. अशा उशिरा आलेल्या सुजेची सोनोग्राफी करून आतले पाणी तपासावे लागते. त्या वेळी इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत, हा प्रश्न डॉक्टर पहिल्यांदा विचारतील आणि त्याचे उत्तर त्या कार्डावरून मिळू शकते.